बाटलीतले जहाज: पहिल्यांदाच करून पाहणाऱ्यांसाठी

गोटी सोड्याची बाटली हातात धरल्यावर ही गोटी आत गेली कशी, असा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणी पडलेला असतो. हिरम कॉड या इंग्रजाने १८७२ साली पेटंट घेतलेल्या त्या बाटलीचे रहस्य भट्टीत दडलेले आहे. बाटलीचे तोंड घडवून पूर्ण होण्याआधीच गोटी आत सोडतात आणि मग काच गरम असतानाच गळा आवळून घेतात, त्यामुळे गोटी पुन्हा बाहेर येऊ शकत नाही. बाटलीतल्या जहाजाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तिथे बाटली अगदी साधी, कुठेही न कापलेली आणि न जोडलेली असते, आणि तरीही तिच्या अंगठ्याएवढ्या गळ्यातून गेलेले जहाज आत डोलकाठ्या आणि शिडे उभारून उभे असते. पाहणाऱ्याला वाटते की कारागिराने चिमट्याने एकेक तुकडा आत नेऊन ते बांधले असावे, किंवा बाटलीचा तळ कापून पुन्हा चिकटवला असावा. वास्तविक जहाज बाहेर, टेबलावर, पूर्ण बांधून झालेले असते. आत जाताना त्याच्या डोलकाठ्या आडव्या पडलेल्या असतात आणि आत गेल्यावर दोरा ओढला की त्या उभ्या राहतात. हे आडवे पडणे आणि उभे राहणे ज्याला नीट समजले, त्याला ही कला सुतारकामाचा अनुभव नसतानाही साधते, म्हणून या लेखाचा बराचसा भाग त्यासाठीच खर्च केला आहे.

थोडा इतिहास

बाटलीत वस्तू बसवण्याची कला बाटलीतल्या जहाजापेक्षा जुनी आहे. अठराव्या शतकात मध्य युरोपातल्या खाणींच्या मुलखात बाटलीच्या आत खाणीचे मजलेच्या मजले रचले जात. सर्वांत खाली दगड फोडणारे मजूर, त्यांच्या वर शिड्या चढणारे, त्याहून वर माल ओढून घेणारे, असा लाकडाच्या बारीक तुकड्यांचा देखावा त्यात असे. ख्रिस्ताच्या क्रुसाचे आणि त्याभोवतीच्या शिडी, भाला, कोंबडा अशा चिन्हांचे देखावेही त्याच काळातले आहेत. जर्मन भाषेत अशा बाटलीला जे नाव आहे त्याचा अर्थ ‘धीराची बाटली’ असा होतो, आणि हे काम एकदा केलेल्या माणसाला ते नाव पूर्णपणे पटते. या कारागिरांपैकी माटियास बुखिंगर याचे नाव आवर्जून घेतले पाहिजे. १६७४ साली जर्मनीतल्या आन्सबाख येथे जन्मलेल्या या माणसाला जन्मतः हातांचे पंजे आणि पाय नव्हते, तरीही तो सूक्ष्म अक्षरांत लिहीत असे, जादूचे खेळ करीत असे आणि अशा बाटल्याही करीत असे. आपली बोटे या कामासाठी फार जाड आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी त्याची आठवण ठेवावी.

खाणीच्या बाटल्यांत सुटे तुकडे आत नेऊन तिथे जोडले जात. जहाजाने मात्र नवी कल्पना आणली, ती घडी घालून नेण्याची. आजवर टिकून राहिलेल्या बाटलीतल्या जहाजांपैकी जुन्यांत जुने मानले जाणारे जहाज जर्मनीतल्या ल्यूबेक शहरात आहे. ते जोव्हान्नी बिओन्दो याने केलेले असून १७८४ सालचे आहे. या कलेचा खरा प्रसार मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खलाशांनी केला. तोवर स्वच्छ, पारदर्शक काचेच्या बाटल्या स्वस्त झाल्या होत्या, शिडाच्या जहाजांवरचे प्रवास महिनोन्महिने चालत, आणि चाकू, लाकडाचा तुकडा व दोरा या तीन गोष्टी प्रत्येक खलाशाजवळ असतच. शिवाय आपल्या जहाजाचा एकेक दोर कुठून निघतो आणि कुठे बांधला जातो, हे त्यांना पाठ होते. नेदरलँड्समधल्या एंकहाउझेन आणि जर्मनीतल्या नॉयहार्लिंगरझील या बंदरगावांत केवळ बाटलीतल्या जहाजांची संग्रहालये आहेत. लंडनमध्ये ट्रफाल्गर चौकात २०१० साली यिन्का शोनिबारे या कलावंताने ब्रिटिश नौसेनापती नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ जहाजाची एकास तीस प्रमाणातली प्रतिकृती एका प्रचंड बाटलीत उभी केली होती; ती आता ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयाबाहेर आहे.

बाटली निवडणे आणि धुणे

पहिल्या जहाजासाठी बाटली रंगहीन काचेची, गुळगुळीत आणि आडवी ठेवल्यावर स्थिर राहील अशी घ्यावी. कोकम सरबताच्या किंवा मद्याच्या पाऊण लिटरच्या बाटल्या चालतात, परंतु त्यांच्या अंगावर उठावाची अक्षरे नाहीत ना, हे आधी पाहावे, कारण ती अक्षरे नेमकी शिडांसमोर येतात आणि देखावा बिघडवतात. गळ्याचा आतला व्यास किमान १८ मिलिमीटर असावा. त्याहून अरुंद गळ्याची बाटली सुरुवातीला घेऊ नये, मग ती दिसायला कितीही सुंदर असो.

लेबल कोमट पाण्यात भिजवून काढावे आणि उरलेला डिंक खोबरेल तेलाने चोळून घालवावा. आतून धुण्यासाठी मूठभर कोरडे तांदूळ, थोडे साबणाचे पाणी आणि भरपूर हलवणे पुरेसे होते. शेवटी थोडे स्पिरिट फिरवून बाटली तोंड खाली करून दोन-तीन दिवस वाळू द्यावी. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत हा अवधी आठवड्यापर्यंत वाढवावा, कारण आत राहिलेला ओलावा पुढे काचेवर धुके होऊन बसतो आणि तेव्हा तो पुसायला मार्ग उरत नाही.

मोजमाप

नवशिक्यांची बहुतेक जहाजे गळ्यात अडकत नाहीत. ती आत जातात, पण तिथे उभी राहत नाहीत, कारण डोलकाठी वरच्या काचेला टेकते. म्हणून चाकू हातात घेण्याआधी कागदावर बाटलीची आतली आकृती खऱ्या मापाने काढावी. उदाहरणादाखल मी एक बाटली धरतो: गळ्याचा आतला व्यास १९ मिलिमीटर, पोटाचा आतला व्यास ७२ मिलिमीटर, पोटाची लांबी १७० मिलिमीटर. गळ्याचे माप व्हर्नियर कॅलिपरच्या आतल्या जबड्यांनी घ्यावे. पोटाचे माप घेण्यासाठी बाहेरच्या व्यासातून दोन्ही बाजूंच्या काचेची जाडी वजा करावी आणि टोकाला काटकोनात वाकवलेली तार आत घालून त्या अंदाजाची खात्री करून घ्यावी.

आता उंचीचा हिशेब. तळाशी समुद्रासाठी मातीचा मध्यभागी १५ मिलिमीटर जाडीचा थर येणार, म्हणजे पाण्याच्या वर ५७ मिलिमीटर जागा उरली. जहाजाचे अंग ९ मिलिमीटर उंच आणि त्यातले ३ मिलिमीटर समुद्रात रुतलेले, म्हणजे वरची फळी पाण्यापासून ६ मिलिमीटर वर आली. तिथून काचेपर्यंत ५१ मिलिमीटर राहिले. त्यातले पाच मिलिमीटर मोकळे सोडले की डोलकाठीची उंची ४६ मिलिमीटर ठरते. हे पाच मिलिमीटर खाण्याचा मोह होतो, पण माती कधीच ठरल्याप्रमाणे सपाट बसत नाही, म्हणून तो आवरावा.

रुंदीचा हिशेब कर्णाने करावा. जहाजाचे अंग ११ मिलिमीटर रुंद आहे आणि डोलकाठ्या, शिडे वगैरे आडवी पडल्यावर एकूण उंची १३ मिलिमीटर होते असे धरले, तर ११ आणि १३ यांच्या वर्गांची बेरीज २९० येते आणि तिचे वर्गमूळ सुमारे १७. म्हणजे १९ मिलिमीटरच्या गळ्यातून हे जहाज जाईल आणि दोन मिलिमीटर मोकळे राहतील. अनेक जण रुंदी वेगळी आणि उंची वेगळी तपासतात व दोन्ही गळ्यापेक्षा कमी आहेत असे पाहून निश्चिंत होतात. गळा गोल आहे आणि जहाजाचे कोपरे त्या गोलाला लागतात, हे त्यांच्या लक्षात राहत नाही. एका जाड पुठ्ठ्याला १८ मिलिमीटरचे भोक पाडून ठेवावे आणि काम चालू असताना जहाज वेळोवेळी त्यातून घालून पाहावे. रंगाचे दोन थरही जाडी वाढवतात, म्हणून ही परीक्षा रंग वाळल्यावर पुन्हा घ्यावी.

जहाजाचे अंग

पहिले जहाज दोन डोलकाठ्यांचे आणि त्रिकोणी शिडांचे असावे, असे माझे ठाम मत आहे. एका डोलकाठीच्या होडीत दोऱ्यांची गुंतागुंत शिकायला मिळत नाही आणि तीन डोलकाठ्यांच्या जहाजात ती सुरुवातीलाच फार होते. अंगासाठी शिवण किंवा पॅकिंगच्या खोक्यातले पाइनचे लाकूड घ्यावे, कारण ते चाकूने सहज कोरले जाते. ८५ मिलिमीटर लांबीच्या तुकड्यावर वरून जहाजाचा आकार पेन्सिलीने काढावा, नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, निमुळता करावा आणि कानस व पॉलिश पेपरने गुळगुळीत करावा. पाण्याखालचा भाग दिसणार नसल्याने तळ सपाट ठेवला तरी चालतो. नाळेतून पुढे तिरपी निघणारी २० मिलिमीटरची काठी बांबूच्या कामटीची करून बसवावी. तिला यापुढे पुढची काठी म्हटले आहे. तिला टोकाजवळ एकमेकांपासून पाच मिलिमीटर अंतरावर दोन बारीक भोके पाडावीत. बांबू चिरत असेल तर भोकांऐवजी बारीक तारेच्या दोन कड्या बांधाव्यात.

डोलकाठ्या आणि त्यांची बिजागरी

डोलकाठ्यांसाठी बांबूचे शिख उत्तम, कारण बांबू बारीक करूनही मोडत नाही. पायाशी अडीच मिलिमीटर जाडीची आणि शेंड्याकडे निमुळती होणारी काठी तासून घ्यावी. पुढची डोलकाठी नाळेपासून २८ मिलिमीटरवर आणि मागची ५५ मिलिमीटरवर बसवावी.

बिजागरी अशी करतात. डोलकाठीच्या पायापासून दोन मिलिमीटर वर, जहाजाच्या आडव्या दिशेने, अर्ध्या मिलिमीटरहून थोडे मोठे आरपार भोक पाडावे. जुन्या विजेच्या वायरीतली तांब्याची एक बारीक तार त्या भोकातून घालून तिची दोन्ही टोके खाली वाकवावीत. ही टोके फळीवर काठीच्या दोन्ही बाजूंना पाडलेल्या भोकांत रोवून चिकटवावीत. काठीच्या पायाची मागची कड थोडी गोल घासावी, म्हणजे ती मागे पडताना अडणार नाही. पुढची कड मात्र तशीच ठेवावी. तार किंचित सैल राहू द्यावी. दोन डोलकाठ्यांमध्ये अंतर २७ मिलिमीटर आणि काठी ४६ मिलिमीटर लांब असल्यामुळे आडवी पडलेली पुढची डोलकाठी मागचीच्या पायापर्यंत पोहोचून पुढे जाते; बिजागरी थोडी सैल असली तरच ती बाजूला सरकून मागचीच्या शेजारी पडते. सैल नसली तर ती तिच्यावर चढते आणि तुमची १३ मिलिमीटरची उंची मोडते.

दोन्ही डोलकाठ्या मागच्या दिशेनेच पडल्या पाहिजेत, कारण जहाज बाटलीत मागच्या टोकाने जाते. नाळ बाटलीच्या तोंडाकडे राहते आणि ओढायचे दोरे तिच्यातून थेट बाहेर येतात.

दोऱ्यांची रचना

या कामाचा जीव दोऱ्यांत आहे. बारीक पॉलिस्टरचा दोरा घ्यावा आणि तो मधमाश्यांच्या मेणाच्या तुकड्यावरून दोन-तीनदा ओढून घ्यावा, म्हणजे त्याचे तंतू बसतात आणि तो भोकांत अडकत नाही.

प्रथम बाजूंचे आधाराचे दोरे बांधावेत. प्रत्येक डोलकाठीच्या शेंड्याजवळून दोन्ही बाजूंना एकेक दोरा जहाजाच्या कडेला येतो. कडेवरची त्याची जागा काठीच्या पायाच्या सरळ रेषेत नसून तिच्या दोन ते तीन मिलिमीटर मागे असली पाहिजे. याचे कारण समजून घ्यावे. दोऱ्याचे खालचे टोक बिजागरीच्या मागे असले, की काठी मागे पडताना शेंडा त्या टोकाच्या जवळ येतो आणि दोरा सैल पडतो. काठी उभी राहिली की तोच दोरा ताठ होतो आणि तिला पुढे कलू देत नाही. हेच टोक बिजागरीच्या पुढे बांधले, तर काठी मागे पडताना दोरा ताणला जातो आणि काठी आडवी पडतच नाही. म्हणजे हे चार दोरे केवळ शोभेचे नाहीत. काठी नेमकी कुठे थांबायची हे तेच ठरवतात. काठी हाताने सरळ उभी धरून, दोरा ताठ करून, मगच त्याची गाठ पक्की करावी आणि गाठीवर फेव्हिकॉलचा ठिपका ठेवावा.

यानंतर ओढायचे दोन दोरे. पहिला दोरा पुढच्या डोलकाठीच्या शेंड्याला पक्का बांधून पुढच्या काठीच्या टोकाच्या भोकातून बाहेर काढावा. दुसरा दोरा मागच्या डोलकाठीच्या शेंड्याला बांधावा, पुढच्या डोलकाठीच्या शेंड्याखाली तीन मिलिमीटरवर पाडलेल्या भोकातून मोकळा सरकू द्यावा आणि पुढच्या काठीच्या दुसऱ्या भोकातून बाहेर काढावा. प्रत्येक दोऱ्याचे किमान ४० सेंटिमीटर टोक बाहेर ठेवावे आणि दोन्ही टोकांना वेगवेगळ्या रंगाच्या कागदाच्या चिठ्ठ्या लावाव्यात. एकच दोरा दोन्ही काठ्यांना बांधण्याची सोपी पद्धतही आहे. परंतु तिच्यात एक काठी सरळ आणि दुसरी किंचित तिरपी राहिली, तर ती सुधारता येत नाही. म्हणून दोन दोऱ्यांचे कष्ट घेणे योग्य.

शिडे

शिडांसाठी पातळ पण चिवट कागद घ्यावा आणि चहाच्या कोऱ्या पाण्यात बुडवून वाळवावा, म्हणजे त्याला जुन्या कापडाचा रंग येतो. शिवणीच्या रेषा पेन्सिलीने आधीच ओढून घ्याव्यात. कागद पेन्सिलीभोवती गुंडाळून सोडला की त्याला वाऱ्याने भरल्यासारखा फुगवटा येतो.

प्रत्येक डोलकाठीच्या मागे, फळीपासून थोडे वर, शिडाखालची आडवी काठी सैल गाठीने बांधावी. पुढची २२ मिलिमीटर आणि मागची २८ मिलिमीटर लांब असावी. शिडाची डोलकाठीकडची कडा तेवढी चिकटवावी आणि मागचा खालचा कोपरा दोऱ्याने आडव्या काठीच्या टोकाला बांधावा. तळाची कडा चिकटवू नये, कारण डोलकाठी खाली पडताना कागदाला वळायला जागा लागते. सर्वांत पुढचे त्रिकोणी शीड ओढायच्या पहिल्या दोऱ्यावरच चिकटवायचे असते. डोलकाठी पूर्ण उभी करून, शेंड्याकडून खाली मोजून ते लावावे आणि पुढच्या काठीच्या भोकापासून ते आठ-दहा मिलिमीटर दूरच ठेवावे.

सराव

जहाज पूर्ण झाले की ते लगेच बाटलीत घालू नये. टेबलावर ते किमान दहा वेळा आडवे करावे, शिडे हलकेच गुंडाळावीत, पुठ्ठ्याच्या भोकातून न्यावे आणि दोरे ओढून पुन्हा उभे करावे. शिडे कोणत्या क्रमाने गुंडाळली तर एकमेकांत अडकत नाहीत, कोणता दोरा कुठे गुंततो, हे या दहा खेपांतच कळते. माझ्या दुसऱ्या जहाजाच्या वेळी मी हा सराव दोन खेपांतच आटोपला होता. आत गेल्यावर मागचा दोरा शिडाखालच्या काठीत अडकला आणि तो सोडवताना डोलकाठी बिजागरीपासून निघाली. तीन आठवड्यांचे काम तेव्हा वाया गेले.

समुद्र

जुने कारागीर खिडक्यांच्या काचांना लावतात ती लांबी निळ्या तैलरंगात मळून वापरत. ती आजही चालते, पण तिच्यातल्या जवसाच्या तेलाची वाफ काचेवर बसते, म्हणून बाटली कित्येक आठवडे उघडी ठेवावी लागते. नव्याने करणाऱ्याने न वाळणारी, तेलात मळलेली मुलांची खेळायची माती वापरावी. हवेत वाळणारी माती टाळावी, कारण ती वाळताना आकसते आणि काचेपासून सुटते. निळ्या आणि हिरव्या मातीचे तुकडे अर्धवटच मळावेत, म्हणजे पाण्यात रंगांच्या रेघा राहतात. ज्यांनी पावसाळ्यातला अरबी समुद्र पाहिला आहे त्यांनी थोडा मातकट रंगही मिसळून पाहावा; तो निळ्यापेक्षा अधिक खरा दिसतो.

मातीच्या गळ्यापेक्षा बारीक वळकट्या करून तारेने एकेक आत सोडाव्यात आणि तळाशी दाबत जाव्यात. यासाठी जुन्या छत्रीच्या काड्या आणि विणकामाच्या लांब सुया फार उपयोगी पडतात. एकीचे टोक चपटे करावे, दुसरीचे काटकोनात वाकवावे, तिसरीला लहान आकडा करावा. जहाजाच्या मापाचा खळगा मध्यभागी कोरून ठेवावा. काचेला लागलेली माती कापूस गुंडाळलेल्या तारेने, स्पिरिटचा हात देऊन, याच वेळी पुसावी. जहाज आत गेल्यावर हे काम दहापट अवघड होते.

आत नेणे आणि उभे करणे

हे काम सकाळच्या उजेडात, कोणाची घाई नसताना करावे. बाटली दोन उशांच्या किंवा वाळूच्या पिशव्यांच्या मध्ये आडवी स्थिर ठेवावी. डोलकाठ्या आडव्या करून, शिडे गुंडाळून, जहाज मागच्या टोकाने गळ्यात सरकवावे. दोरे नाळेकडून बाहेर लोंबत राहिले पाहिजेत. गळा ओलांडला की आकड्याच्या तारेने जहाज हळूहळू खळग्यापर्यंत न्यावे आणि चपट्या टोकाने दाबून मातीत तीन मिलिमीटर रुतवावे. कडेची माती अंगालगत वर सारून घ्यावी, तीच लाट दिसते आणि तीच जहाजाला धरून ठेवते.

आता एका हाताने लांब तार नाळेवर टेकवून जहाज खाली दाबून धरावे आणि दुसऱ्या हाताने पहिला दोरा ओढावा. जहाज दाबून धरले नाही, तर डोलकाठीऐवजी संपूर्ण जहाजच तोंडाकडे ओढले जाते. पुढची डोलकाठी अर्धी वर आली की थांबावे, सगळे दोरे मोकळे आहेत हे पाहावे आणि मग ती पूर्ण उभी करावी. बाजूचे आधाराचे दोरे ताठ झाले की ती आपोआप थांबते. त्यानंतर जोर लावू नये. दोऱ्याचे टोक बाटलीच्या बाहेर चिकटपट्टीने पक्के करावे आणि दुसऱ्या दोऱ्याने मागची डोलकाठी उभी करावी. शिडे तारेच्या टोकाने हलकेच उलगडावीत. सगळे सरळ दिसले, की लांब सुईच्या टोकावर फेव्हिकॉलचा थेंब घेऊन पुढच्या काठीच्या दोन्ही भोकांवर ठेवावा.

या ठिकाणी एक सूचना फार गांभीर्याने घ्यावी. झटपट चिकटणारा सुपरग्लू बाटलीच्या आत कधीही वापरू नये. त्याची वाफ बंद जागेत काचेवर आणि रंगावर पांढरट साय धरते आणि ती आतून पुसता येत नाही. बाहेर जहाज बांधताना तो वापरला असेल, तर जहाज आत नेण्याआधी दोन दिवस उघड्यावर राहू द्यावे.

फेव्हिकॉल पूर्ण वाळायला एक दिवस द्यावा. दुसऱ्या दिवशी लांब तारेच्या टोकाला ब्लेडचा लहान तुकडा घट्ट बांधून, भोकांच्या अगदी लगत दोरे कापावेत आणि उरलेली टोके आकड्याने बाहेर ओढून घ्यावीत. दोरा थोडा ताणून धरला तर तो ब्लेड नुसते टेकवल्यावर कापला जातो. करवतीसारखे पुढे-मागे केले तर पुढची काठीच हलते.

बूच लगेच लावू नये. किमान दोन आठवडे तोंडावर पातळ फडके बांधून ठेवावे आणि काचेवर धुके येत नाही याची खात्री झाल्यावरच बूच बसवून त्यावर लाख ओतावी. गळ्याभोवती खलाशी पगडीसारखी दिसणारी वेढ्यांची गोल गाठ बांधत. ती सुतळीने बांधली तर बाटलीच्या तोंडाची कड झाकली जाते आणि रूपही येते.

दुसरे काय करता येईल

जहाजाला लागणारा वेळ ज्यांच्याजवळ नाही, त्यांनी पत्त्यांचा जोड बाटलीत बसवून पाहावा. हॅरी एंग या अमेरिकन शिक्षक आणि जादूगाराने पत्त्यांचे जोड, कुलुपे, बूट अशा वस्तू बाटल्यांत बसवून या प्रकाराला मोठा लौकिक मिळवून दिला. पत्त्यांच्या खोक्याची चिकटवलेली शिवण वाफेवर उकलावी, खोके गुंडाळून आत न्यावे, तारांनी उलगडून पुन्हा चिकटवावे आणि पत्ते एकेक गुंडाळी करून आत सोडून खोक्यात भरावेत. येथे घडी घालण्याची युक्ती नाही. खाणकामगारांप्रमाणे सगळे काम आतच करायचे असते आणि म्हणून धीर अधिक लागतो. फ्रान्समध्ये नासपतीच्या झाडावर वसंतात कोवळ्या फळावर बाटली बांधतात आणि फळ आतच वाढू देतात. परसात काकडीचा वेल असेल तर हा प्रयोग आपल्याकडेही होतो. मात्र बाटलीवर पानांची किंवा कापडाची सावली हवी, नाहीतर काचेच्या आत फळ भाजते, आणि पाणी साचू नये म्हणून तोंड थोडे खाली कललेले हवे.

पहिले जहाज साधले, की दुसऱ्या खेपेला मराठा आरमारातले गलबत करावे, असा माझा आग्रह आहे. गलबते साधारणपणे दोन डोलकाठ्यांची असत आणि त्यांचे मोठे त्रिकोणी शीड डोलकाठीपेक्षाही लांब अशा तिरप्या काठीला बांधलेले असे. बाटलीच्या दृष्टीने हा मोठा फायदा आहे, कारण ती तिरपी काठी डोलकाठीला एकाच सैल गाठीने बांधली, तर आत जाताना ती फिरून डोलकाठीला समांतर होते आणि तिच्या लांबीची अडचण येत नाही, कारण गळ्यात अडचण असते ती जाडीची. तिच्या खालच्या टोकाला तिसरा दोरा बांधून तो नाळेतून बाहेर काढावा. डोलकाठी उभी राहिल्यावर हा दोरा ओढला की काठी आपल्या उतारावर येते आणि शीड उलगडते. मात्र अशा गलबताची उंची मोजताना डोलकाठीचा शेंडा मोजू नये. या तिरप्या काठीचे वरचे टोक त्याहून वर जाते आणि काचेला पहिल्यांदा तेच लागते.